दोरीखालचं रान

दुपार कलली की गल्लीच्या मागच्या मोकळ्या जागेतून 'फाट्' असा आवाज यायचा. थोड्या वेळाने पुन्हा 'फाट्'. नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत देतंय. जुनी माणसं हसून सांगायची, "काही नाही हो, झटकाबाईंच्या चादरी वाळल्या." घडीच्या बाकाजवळ उभं राहून चादरीची दोन टोकं मुठीत धरायची, हात डोक्याच्या वर न्यायचे आणि मनगटाला असा हिसका द्यायचा की चादर क्षणभर ताठ उभी राहून मऊ होऊन खाली यायची. एका चादरीला चार हिसके. शेजारपाजारची झोपलेली पोरं दचकून उठायची, त्यांच्या आया चरफडायच्या, पण बाईंना जाऊन बोलणार कोण? नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. नवरा हयात होता तेव्हा तोही घरात जपूनच बसायचा.

गल्लीने ठेवलेलं हे नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण या झटक्यानेच घर तगलं होतं. नवरा गेला तेव्हा घरच्या लाँड्रीत भट्टी होती, दोऱ्या होत्या, गिऱ्हाईक म्हणून जवळचं प्रसूतिगृह होतं, आणि कोळशाची एक अवजड इस्त्री होती जी फक्त नवऱ्यालाच पेलायची. बाईंनी ती थोडे दिवस उचलून पाहिली, मनगट सुजवून घेतलं आणि इस्त्री कोपऱ्यात ठेवून दिली. मग त्यांना सुचलं, की वाळलेली चादर चांगली कडक झटकली आणि लगेच घडी घालून दाबून ठेवली तर इस्त्रीवाचून भागतं. प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच गाठोड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मावशी, एवढ्या मऊ चादरी आजवर आल्या नव्हत्या." त्या एका वाक्यावर मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून घरात आली. मागच्या जागेत मात्र बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मदतीला ठेवलेल्या बायका आठवडाभरात पळायच्या. "माझ्या हाताला कुणाचा हात जुळत नाही," असं त्या सांगायच्या, आणि त्यात तक्रारीपेक्षा तोराच जास्त असायचा.

अशा या बाईंच्या तळहातावर थंडीतल्या एका सकाळी मुलाने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा ठेवला. मुलगा तीनचाकी टेम्पोतून गाठोडी पोचवायचा आणि घरातल्या कुठल्याही वादात तोंडात मूग धरून बसायचा. पट्टीवर एक काळी, बारीक, टोकाला दोन दात असलेली सुई चिकटवलेली होती.

"हे काय?"

"मोठ्या सिस्टरांनी दिलंय. चादरीत निघाली."

मग एकेक शब्द ओढून काढावा तसं बाईंनी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. एक तान्हं बाळ सकाळभर रडत होतं. दूध पाजलं, पोट तपासलं, खांद्यावर घेऊन फिरवलं. उचललं की गप्प, ठेवलं की किंचाळ्या. शेवटी त्याच्या आजीने चादरीवर तळवा फिरवला आणि शिवणीतून ही बाहेर आली. बाळाच्या पाठीवर लाल ओरखडा उठला होता.

"आणि सिस्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मावशींचा मान राखून या वेळी सोडते. पुन्हा एक जरी निघाली तर काम बंद."

सुई ओळखायला बाईंना वेळ लागला नाही. दोऱ्यांखाली दरवर्षी माजणाऱ्या झाडाचं ते बी होतं. त्या झाडाला खरं नाव असेलही काहीतरी, पण बाई त्याला 'मेलं' म्हणायच्या. झेंडू-शेवंतीच्या घराण्यातलं, पण घराण्याचं नाव घालवायला जन्मलेलं. मधे पिवळं बटण, भोवती चारपाच पांढऱ्या पाकळ्या, त्याही अर्ध्या गळालेल्या. पावसाबरोबर उगवायचं, कमरेएवढं वाढायचं, फुलायचं आणि थंडी सरता सरता वाळून जायचं. जाताना प्रत्येक फुलाच्या जागी काळ्या सुयांचा झुबका ठेवायचं. जवळून गेलं की त्या सुया कपड्यांना, केसांना, जनावरांच्या अंगाला चिकटायच्या. आयुष्य एका वर्षाचं, पण वंश वाढवायची हौस दांडगी.

सुरुवातीला ते नुसतं कुंपणाच्या कडेला होतं. मग आत सरकलं, मग दोऱ्यांखाली आलं. बाई ते उपटायच्या, जाळायच्या, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पुढच्या वर्षी ते दुप्पट. गुन्हेगारही बाईंनी पकडला होता. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे, त्यांचा कुत्रा. केसाळ, थोराड आणि अकलेपेक्षा प्रेम जास्त असलेला. कुंपणाखालून यायचा, दोऱ्यांखाली मनसोक्त लोळायचा आणि अंगभर सुया घेऊन हिंडायचा. "तुमचा कुत्रा माझ्या जागेत बी पेरतो!" असं बाईंनी कुंपणावरून इतकं खडसावून सांगितलं, की मास्तरांनी मुकाट्याने त्याला साखळी घातली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. दोन घरांचं बोलणं तेव्हापासून बंद होतं. कुत्रा बांधलेला आणि झाड तरी वाढतंय, हे डोळ्यांसमोर असूनही बाईंना शंका आली नाही. एकदा दोषी ठरवला म्हणजे ठरवला.

सून आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसायची. फाटक्या चादरींच्या कडा दुमडणं, ठिगळं लावणं तिच्याकडे. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. "जेवायला वाढू का" आणि "गाठोडं झालं का" यापलीकडे दोघींचं फारसं जात नसे. त्या दिवशी पट्टीवरची सुई पाहून ती आपणहून बोलली.

"आई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते."

"या सुया मला रोज टोचतात. शिवणीत अडकलेल्या असतात. वाऱ्याने चादर झाडांवर घासते तेव्हा लागत असतील. पण झाडं सगळ्यात दाट कुठे आहेत ते पाहिलंत का? कुंपणाजवळ नाहीत. बाकाभोवती आहेत, गोल. तुम्ही उभ्या राहून झटकता ना, बरोबर तिथे."

बाईंना अर्थ लागायला क्षणभर गेला. लागला तेव्हा त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला.

"म्हणजे मी पेरते? मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस? सावलीत बसून मशीन चालवणाऱ्यांनी मला उन्हातलं काम शिकवू नये! उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

मुलगा टेम्पोची चाकं तपासायला बाहेर निघून गेला. जगात कुठल्याही टेम्पोची चाकं इतक्या वेळा तपासली गेली नसतील.

दुपारी सून बाजारात गेली, तेव्हा बाईंनी दोरीवरची एक वाळलेली चादर काढली आणि घराच्या पुढच्या बाजूला नेली. तिथली फरशी त्यांनी आधी स्वच्छ झाडून घेतली. मग टोकं मुठीत धरली आणि नेहमीसारखे चार हिसके दिले. खाली पाहिलं. पांढऱ्या फरशीभर काळ्या सुया पडल्या होत्या. उंबऱ्याजवळ, पायरीवर, त्यांच्या स्वतःच्या पावलांभोवती.

बाई पायरीवर मटकन बसल्या. इतकी वर्षं, रोज दुपारी, आपण आपल्या हाताने हे रान पेरत होतो, आणि दर पावसाळ्यात त्याच हाताने उपटत बसत होतो. ज्या झटक्यावर घर चाललं त्याच झटक्याने. त्यांना संताप आला होता, पण काढायचा कुणावर? कुत्रा नव्हता, वारा नव्हता, सून तर नव्हतीच. बाईंना राग काढायला कुणी सापडलं नाही की जीव गुदमरायचा. आपलंच नाणं खोटं, तर बोलणार काय? त्यांनी सुया वेचून भट्टीत टाकल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दुपारी गल्लीला 'फाट्' ऐकू आलं नाही. सुनेला कळायचं ते कळलं. तिने एका शब्दाने हिणवलं नाही, आणि बाईंना तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्या कुंपणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, कुत्र्याला सोडा."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज बरी आठवण झाली?"

"त्याचा दोष नव्हता. माझाच होता."

मास्तरांनी वाकून साखळी काढली. कुत्रा उठला, अंग ताणलं, चालायला लागला आणि साखळी जिथवर पोचायची तिथवर येऊन बसला. बाईंनी जिभेने चुचकारलं, हाक मारली. त्याने शेपटी हलवली, पण पुढे काही आला नाही.

"सवय झालीय त्याला," मास्तर म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

आता झटकणं बंद झालं. सगळी वाळकी झाडं पोत्यांत भरून जाळली. प्रत्येक चादर बाकावर पसरून तिची शिवण बोटांनी चाचपायची, सुई निघाली की डब्यात टाकायची, मगच घडी. सुया थांबल्या. पण उन्हात वाळलेली चादर न झटकता घडी घातली की तिचा पुठ्ठा होतो. आठवड्याभरात मुलाने नवा निरोप आणला.

"सिस्टर विचारतायत, चादरी पाठवल्यात की पत्रे?"

बाईंनी कपाळावर हात मारला. झटकलं तर सुया, न झटकलं तर पत्रे. इकडे आड, तिकडे विहीर. मुलाने विजेची इस्त्री आणली. बाईंनी पहिल्याच चादरीवर तिचा ठसा उमटवून ठेवला. सून म्हणाली, "आई, वाळवायचं मशीन मिळतं. चादरी आतच वाळतील, मऊही निघतील."

"आणि मी काय करू? खिडकीत बसून येणारी-जाणारी माणसं बघू?" बाई उसळल्या. "माझे हात चालतात तोवर चादरी उन्हातच वाळणार."

त्यांना भीती वाटत होती. ती त्यांनी रागासारखी बोलून दाखवली, एवढंच. ही जागा गेली की आपण या घरात कोण, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

मग त्यांनी चादरीचं एक टोक खांबाला बांधून दुसरं आपण ओढून पाहिलं. चादर मधोमध फाटली. फाटका तुकडा हातात घेऊन बाई बराच वेळ उन्हात उभ्या राहिल्या, आणि शेवटी घराकडे तोंड करून ओरडल्या, "ऐकतेस का? जरा इकडे ये."

सून दारात आली, पण पाऊल टाकेना. त्या जागेत तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं.

"अशी बघत काय राहिलीस? टोक धर."

तिने टोक धरलं. बाईंनी सवयीने असा हिसका दिला की सुनेच्या हातातून टोक सुटलं आणि बाई मागच्या गाठोड्यावर धप्पकन आडव्या झाल्या. सून घाबरून धावली, आणि बाईंचे वर झालेले पाय पाहून तिला हसू आवरेना.

"हसायला काय झालं? टोक धरता येत नाही?"

"तुम्ही ओढत कुठे होता, हिसडत होता. दोघींनी सारखं ओढायला हवं."

बाईंना सारखं ओढणं शिकायला बरेच दिवस लागले. आधी लांबीत ओढायचं, मग आडवं, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. चादरी पूर्वीएवढ्या नाही, पण बऱ्यापैकी मऊ होऊ लागल्या. सिस्टरांची तक्रार थांबली. बाईंची सुरूच होती. सून उशिरा येते, सून ढिलं धरते, सून मध्येच डाव्या हाताने केस सारखे करते. पूर्वी दुपार त्यांची एकटीची होती, आता दुसरं कुणी मोकळं होईपर्यंत वाट बघावी लागायची. ज्या बाईने जन्मभर कुणाची वाट बघितली नाही तिला ते औषधासारखं कडू लागायचं.

पाऊस आला आणि बाकाभोवतीची जमीन हिरवी झाली. मागल्या वर्षांचं बी मातीत दबा धरून बसलं होतं. बाईंनी तो सगळा हंगाम उकिडवं बसून काढला. पानं ओळखू यायला लागली की उपटायची, फुलायची वाट बघायची नाही. पाठ धरली, नखांत माती मुरली, झोपेतसुद्धा हात काहीतरी खेचल्यासारखे हलायचे. पण थंडी पडली तेव्हा दोऱ्यांखाली एकही पिवळं बटण दिसत नव्हतं. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "या, एक फूल शोधून दाखवा." त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला होता.

आणि एका सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या बोळात त्यांना ते दिसलं. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत चारपाच झाडं गुपचूप वाढली होती, फुलून गेली होती, सुयांवर आली होती. बाईंना रडावं की ओरडावं कळेना. त्या जुना स्वेटर घालून तशाच आत शिरल्या, एकेक झाड मुळासकट काढून पोत्यात कोंबलं आणि जाळून टाकलं. संपलं एकदाचं, असं वाटून त्यांना इतकं हलकं वाटलं की टेम्पोत ठेवायचं गाठोडं त्यांनी मुलाला उचलू दिलं नाही. ते छातीशी कवटाळून आपणच नेऊन ठेवलं.

संध्याकाळी मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता.

"मावशी, निरोप पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून आले. या वेळी कुणाला लागलं नाही. चादर घालताना मलाच सापडली. पण सापडली."

बाईंनी पट्टीकडे पाहिलं आणि मग आपल्या अंगाकडे. स्वेटरच्या छातीवर, कोपरावर, बाहीच्या काठावर काळ्या सुया ओळीने बसल्या होत्या. दिवसभर हाच स्वेटर त्यांच्या अंगात होता.

"सिस्टर, वर्षभर मी... एकही राहू दिलं नव्हतं हो. वर्षभर."

"मला माहितीये, मावशी. तुमच्या मुलाने सगळं सांगितलंय. पण दोन दिवसांच्या बाळाला मी काय सांगू?"

बाईंनी एका ठिकाणी जीव ओतून काम करावं आणि त्याच कामाने त्यांच्या पायात पाय घालावा, हे दुसऱ्यांदा झालं होतं. त्यांना नुसतं ओरडावंसं वाटत होतं.

सून दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, चादरी आतच वाळवल्या तर? बंद खोलीत, मशीनमध्ये?"

"तसं करणार असाल तर काम तुमच्याकडेच ठेवेन," सिस्टर म्हणाल्या. "मलाही दुसरीकडे द्यायचं नाही."

सगळे बाईंकडे बघायला लागले. मुलगासुद्धा; या वेळी तो चाकं तपासायला गेला नाही. बाईंनी स्वेटरवरची एक सुई उपटली, मग दुसरी. त्या बोलल्या तेव्हा मान वर केली नाही.

"आणा."

"आई, तुमच्या मनात नसेल तर..."

"मनात नाहीच. आणा म्हटलं ना."

मशीन एका बंद पडलेल्या हॉटेलातलं जुनं मिळालं. शिलाई मशीनच्या शेजारी ते धडधडत उभं राहिलं. चादरी गरम आणि मऊ निघायच्या. दोघी जणी टोकं धरून ओढायच्या आणि घडी घालायच्या. बाई प्रत्येक चादर नाकाशी नेऊन म्हणायच्या, "उन्हाचा वास नाही. चादर आहे की कागद?" मुलाने मागच्या दोऱ्या सोडून गुंडाळून ठेवल्या. खांब तेवढे राहिले. गल्लीतली पोरं दुपारी निवांत झोपू लागली, आणि त्यांच्या आयांना उगाचच चुकल्यासारखं वाटू लागलं.

पुन्हा पाऊस झाला. बाकाभोवती पुन्हा हिरवं उगवलं, मागच्यापेक्षा थोडं विरळ, पण उगवलं. बाई पहाटेच पोतं घेऊन तिथे जाऊन बसल्या आणि चिखलातून एकेक रोप खेचू लागल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या, तिसऱ्याही. रिकाम्या खांबांमध्ये वाकून बसलेली त्यांची पाठ स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. शेवटी सूनच बाहेर आली.

"आई, आता कशाला? चादरी आत वाळतात. उगवेना का, आता कुणाला टोचणार आहे?"

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"पेरलं कुणी?"

बाईंनी आणखी एक रोप खेचलं.

"मी पेरलं. मग मी गेल्यावर तू उपटत बसायचं का?" हातातलं रोप त्यांनी तिरीमिरीत पोत्यात आपटलं. "दरवर्षी थोडं कमी येईल. माझ्या हयातीत संपलं तर संपलं, नाहीतर जेवढं कमी होईल तेवढं."

सून तिथेच उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण या बाईशी प्रेमाने कसं बोलायचं हे इतक्या वर्षांत तिला कुणी शिकू दिलं नव्हतं. आतून मशीन थांबल्याची घंटी ऐकू आली.

"झालं वाटतं," बाई म्हणाल्या. "एकटीने ओढू नकोस, फाडशील. एवढा वाफा काढून आलेच."